नव्याण्णव वर्षांचा खुंटा

आमच्या इमारतीला सकाळी पावणेसहाला पाणी येतं, आणि ते आलं हे सांगायला ठकूमावशी लोखंड बडवते. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, कठड्याच्या गजाला, तारेने एक हातभर लांबीचं जाडजूड लोखंड टांगलेलं असायचं. त्याला आम्ही सगळे घंटा म्हणायचो. त्या घंटेवर मावशी वरवंट्याने असे काही ठोके द्यायची की वाशिंद स्टेशनवर उभा असलेला परका माणूससुद्धा बादली शोधू लागेल. मी तिच्या थेट खालच्या फ्लॅटमध्ये राहतो. अठ्ठावीस वर्षं मी रोज अंथरुणातच दोन शिव्या देऊन उठलो आहे, पहिली लोखंडाला आणि दुसरी मावशीला. मग वरून हाक यायची, "उठलास का रं, शेकेटरी?" आणि पाठोपाठ तिचं खिदळणं. माणूस इतक्या सकाळी इतका खूश असूच कसा शकतो, याचा मला मनापासून राग येतो.

मी हरेश निमसे. मूळचा आटगावचा, नोकरी इथल्याच एका कारखान्यात स्टोअरकीपरची, आता रिटायर. स्टोअरमधला प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट मी डोळे मिटून हाताने ओळखायचो, असा माझा लौकिक होता. होता म्हणतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यानंतर तो राहिला नाही. 'श्रमदीप' सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. हे पद दुसऱ्या कोणाला नको असतं म्हणून माझ्याकडे आहे.

तर ठकूमावशी. दारावर पाटी आहे, 'ठकूबाई बारकू वाघ, फ्लॅट क्रमांक १२'. शाळांच्या भिंतींवर सुविचार लिहिणाऱ्या पेंटरकडून तिने ती लिहून घेतली. अक्षरं एवढी मोठी की बेलचं बटण बसवायला दारावर जागाच उरली नाही. त्यामुळे तिच्याकडे जाणारा माणूस तिच्या नावावरच टकटक करतो, आणि तिला तेच आवडतं.

विजेचं बिल आलं की आम्ही बाकीचे तेवीस जण कपाळाला हात लावतो. मावशी मात्र बिल घेऊन चारही मजले फिरते. "बग, माजं नाव छापून आलं! खाली पत्ता पन हाय!" दर महिन्याला. अठ्ठावीस वर्षं. मी एकदा चिडून म्हणालो, "मावशी, नाव रेशनकार्डावरही असतं." तर म्हणाली, "त्याच्यात माजं नाव हाय. ह्याच्यात माजं घर हाय."

यामागची गोष्ट तिने मला तुकड्यातुकड्याने सांगितलेली आहे, आणि तीसुद्धा हसत हसत. तिचा जन्म मुरबाडकडच्या एका गावाच्या कडेला, वाडीतला. स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन त्या वाडीत कोणाचीच नव्हती. कुडाच्या भिंती, वर पेंढा, आणि सगळा भार पेलणारी मधली मेढ. जमीन ज्याची तो कधीतरी यायचा. कधी त्याला तिथे खळं करायचं असायचं, कधी कुंपण. "उठा" म्हणायचा आणि तेवढ्यावर न थांबता आत येऊन मेढ हलवायचा. "एका हातानं निघायची रं मेढ," मावशी सांगायची. "आमी ती खोल पुरतच नवतो. बाप बोलायचा, काढायचीच हाय तर खोल कशाला?" लग्नापर्यंत तिचं घर सात वेळा उठलं. लग्नानंतर वीटभट्ट्या, म्हणजे घर पाठीवरच. नवरा तापाने गेला तेव्हा मुलगी कडेवर होती. मग ती वाशिंदला बांधकामावर घमेली वाहायला आली. ते बांधकाम म्हणजे आमचीच इमारत.

म्हणजे ज्या भिंतीत ती राहते तिची वाळू तिनेच डोक्यावरून वाहिलेली आहे. नंतर कारखान्यात झाडलोटीला लागली, तिथून पॅकिंगला गेली, आणि कोणीतरी सोडलेला बारा नंबरचा फ्लॅट तिने घेतला. उन्हाळ्यात त्याचा तवा होतो म्हणून तो कोणी घेत नव्हतं. मुलगी आता शहापूरला दिलेली आहे, चांगलं घर आहे. ती आईला बोलावते. मावशी सणाला जाते आणि संध्याकाळी परत येते. म्हणते, "माज्या घराला करमत नाय."

आता घोडं कुठे पेंड खातं ते सांगतो. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना सोसायटीच्या मूळ कागदांचं बाड माझ्या हाती लागलं. इमारतीखालची जमीन आमची नाही, भाडेपट्ट्याची आहे, हे सगळ्यांना तसं माहीत होतं, जसं आपण मरणार आहोत हे सगळ्यांना माहीत असतं. पट्टा होता तीस वर्षांचा. सुरुवात फेब्रुवारी एकोणीसशे शहाण्णव. मी बोटांवर हिशेब केला, मग कागदावर केला, मग बायकोकडून करून घेतला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. जानेवारी दोन हजार सव्वीसच्या शेवटी जमीन, तिच्यावर जे काही उभं असेल त्यासकट, मालकाला परत. मालकाने राजीखुशीने मुदत वाढवून सही केली तरच आम्ही वाचणार.

मीटिंग बोलावली. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते त्या दिवशी तेवीस तोंडांवर एकदम बघितलं. फक्त मावशी हसत होती. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मी तिला कागद वाचून दाखवला. तिने विचारलं, "म्हंजे परत उठायचं?" मग तीच म्हणाली, "नाय नाय. एवढी सिमिटाची मेढ कोन उपटतो?" आणि हसली, पण या वेळी नुसती दातांनी.

मालक म्हणजे कोंडूनाना विशे. सरळगावच्या अलीकडे त्यांचं गाव. वय चौऱ्याऐंशी, आयुष्यभर बैलांचा व्यापार. वाशिंदची ही जमीन त्यांना आजोळकडून आलेली. बैल घेऊन या बाजूला यायचे तेव्हा ते इथे तळ टाकायचे. आमचे चेअरमन साईनाथ शेलार हे उंटावरचे शहाणे. ते म्हणाले, आधी वकिलाची नोटीस पाठवू, म्हातारा वचकून राहील. नोटीस गेली. आठ दिवसांनी आमचीच नोटीस पाकिटातून परत आली. तिच्यावर शेणाने माखलेला अंगठा उमटवलेला, आणि मागे पेन्सिलीने लिहिलं होतं : 'जनावर बघितल्याबिगर मी सौदा करत नाय. रविवारी येतो.'

रविवारी नाना आले. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात बैल हाकायची पराणी. आम्ही खुर्ची मांडली, हार आणला. नानांनी हाराकडे बघितलंसुद्धा नाही. ते इमारतीभोवती फिरू लागले. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मागे जाऊन पार्किंगच्या खांबावर थाप मारली आणि कान लावला. "ह्यो मागचा पाय आखडलाय," म्हणाले. त्या खांबाला दोन वर्षांपासून तडा होता आणि आम्ही तो ऑडिटवाल्यापासून कॅलेंडर लावून लपवला होता. मग गच्चीच्या टाकीकडे बघून, "वशिंड जड हाय." मग साईनाथ शेलारांना म्हणाले, "दात दाखवा." साईनाथ बिचारे गोंधळले आणि त्यांनी स्वतःचे दाखवले. अख्खी इमारत गॅलऱ्यांतून बघत होती. मावशी एवढी हसली की तिला कठड्याला धरून खाली बसावं लागलं.

"जनावर बरं हाय," नाना अखेर खुर्चीत बसत म्हणाले. "अजून लय वर्सं चालंल. सही करीन मी."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मावशी चहाचा ट्रे घेऊन खाली आली, पहिला कप नानांना दिला.

"वाढीव पैका पन नको," नाना म्हणाले. "फक्त माजा खुंटा द्या."

"कुठला खुंटा, नाना?" मी विचारलं.

"हितं होता. लोखंडाचा. माज्या बापाच्या गाडीचा आस मोडला तवा त्यानं लोहाराकडनं घडवून घेतला होता. हितं तळ पडायचा तवा पयला बैल त्याला बांधायचा." त्यांनी चहा बशीत ओतला. "हे बगा, आमी बैल इकतो, पन दावं इकत नाय. दावं सोडून घेऊन घरी आणायचं. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. नायतर गोठ्याची लक्ष्मी जनावराच्या पाठी निघून जाते. जमीन दिली तवा मी बिल्डरला बोललो, तेवढा खुंटा काढून ठेव, उद्या नेतो. दुसऱ्या दिवशी आलो तर तिथं खड्डा. खुंटा गायब! तवापासून माजा गोठा उतरत चाललाय. चाळीस दावणी होत्या, आता दोन हायेत. तीस वर्सं माजी लक्ष्मी तुमच्याकडं अडकलीय. ती द्या आनि किती पायजेत तितकी वर्सं घ्या."

मावशीच्या हातातला ट्रे कलंडला. उरलेले सहा कप साईनाथ शेलारांच्या पँटवर. ती 'माफ करा'ही म्हणाली नाही, तशीच जिना चढून वर गेली. मला वाटलं, चहा सांडला म्हणून लाजली.

दुसऱ्या दिवशी मी सव्वासातला जागा झालो. आपणहून. आधी कळेना काय चुकतंय. मग कळलं, घंटाच वाजली नव्हती. पाणी येऊन गेलं होतं आणि चोवीस घरांत आंघोळीची बोंब. त्या दिवशी आमची अर्धी इमारत नुसती पावडर लावून कामाला गेली. मी अठ्ठावीस वर्षं ज्या शांततेसाठी नवस बोललो असेन ती मिळाली होती, आणि मला ती अजिबात आवडली नाही.

पण तेव्हा घंटेचा विचार करायला फुरसत कोणाला होती? सगळी सोसायटी खुंट्याच्या मागे लागली होती. साईनाथांनी हार्डवेअरच्या दुकानातून एक नवा आणला आणि जुना दिसावा म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवून नानांकडे नेला. नानांनी त्याला नखाने टिचकी मारली, कानाशी धरला, म्हणाले, "ह्यो नाय. ह्यो रडतो. माजा हसायचा." दुसरा आम्ही शहापूरच्या भंगारवाल्याकडून आणला. "ह्यो तर पहारीचा तुकडा हाय. मी म्हातारा झालोय, आंधळा नाय." मग आम्ही जेसीबी आणून पार्किंग खणलं. खुंटा सापडला नाही. सांडपाण्याची लाइन मात्र सापडली, आणि फुटली. पौषातल्या त्या थंडीत आम्ही आठ दिवस नाकाला रुमाल लावून जिने चढलो. मुदत संपायला महिनाही उरला नव्हता.

अकराव्या दिवशी माझं डोकं फिरलं. पाण्याची पंचाईत, वासाची पंचाईत, आणि ही बाई दार लावून बसलेली. मी वर जाऊन तिच्या नावावर जोरात टकटक केली.

"मावशी, घंटा का वाजवत नाहीस? आणि जिन्यातून काढून ठेवलीस कुठे?"

तिने दार उघडलं. डोळे सुजलेले. तिने मांडणीच्या मागून लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे फरशीवर ठेवलं. लुगडं उलगडलं. आमची घंटा.

"ही घंटा नाय रं, हरेश," ती म्हणाली.

मी बघितलं. हातभर लांबीचं घडीव लोखंड. एका टोकाला कडी. दुसरं टोक जमिनीत घुसायला निमुळतं केलेलं. डोक्यावर घणाचे घाव बसून फुललेली कड. तेहतीस वर्षांचा स्टोअरकीपर मी! जी वस्तू रोज डोक्यावर वाजत होती, जिला रोज शिव्या दिल्या, ती शोधायला मी जेसीबी लावून गटार फोडलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आजी म्हणायची ते माझ्यासाठीच म्हणत असणार. मला हसू आवरेना. मी भिंतीला टेकून पोट धरून हसलो.

"हसू नको," मावशी म्हणाली. "मी चोरलाय त्यो."

मी थांबलो.

"पाया खणायचा होता. मुकादम बोलला, त्यो खुंटा काढ आनि बाजूला ठेव, मालक नेईल. मी एका हातानं वडला. नाय निघाला. दोन हातांनी वडला. नाय निघाला. चार बाया लागलो, रं! मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं. मी जन्मात असली मेढ बघितली नवती." तिने लोखंडावरून हात फिरवला. "मी बोलली, अशी वस्तू आपल्या घरात पायजे. मग आपल्याला कोन उठवील? घमेल्यात घातला, वर वाळू टाकली, आनि नेला. तवा घर पन नवतं मला. खुंटा होता. घर मागनं आलं."

तिने लुगडं परत त्याच्यावर ओढलं. "आता माज्या पायी चोवीस घरं उठतील."

मी सेक्रेटरी आहे. सेक्रेटरीला उपाय सुचतो. मी म्हणालो, "कोणी उठत नाही. खणताना सापडला म्हणून सांगू. तुझं नावच घ्यायचं नाही. अगदी सोपं आहे."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू सांडपाण्याची लाइन मी मुद्दाम फोडली होती. "त्याची लक्ष्मी मी अठ्ठावीस वर्सं वरवंट्यानं बडवली. वर खोटं बोलून परत दिली, तर जाईल का ती त्याच्या घरी? मीच जाते. बोलते. मग काय व्हायचं ते होऊ दे."

नाना तेव्हा म्हसाच्या जत्रेत होते. पौष पौर्णिमेला जत्रा भरते, आणि बैल दोनच उरले असले तरी नाना तिथे बाजार उठेपर्यंत ठाण मांडून असतात. मी स्कूटर काढली. मावशी मागे बसली, खुंटा लुगड्यात गुंडाळून मांडीवर. शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तो खुंटा माझ्या कमरेत शिरत होता. निघताना मावशी रडत होती. किन्हवलीपर्यंत पदराने नाक पुसत होती. सरळगाव सोडलं, वारा कानात भरला, आणि तिला साईनाथने दाखवलेले दात आठवले. मग काय! ती हसायला लागली, मी हसायला लागलो, स्कूटर रस्ताभर नागमोडी. मुरबाडच्या नाक्यावर पोलिसाने अडवून विचारलं, घेतलीय का? मावशी म्हणाली, "नाय साहेब, द्यायला चाललोय." आणि त्यावर आम्ही परत सुटलो. मला माझ्या वयाची लाज वाटत होती, आणि थांबताही येत नव्हतं.

जत्रेत मात्र तिचं हसू विरलं. घोंगड्यांची दुकानं, लोहारांचे भाते, शिंगं रंगवलेले बैल, वर गरगरणारे पाळणे. नाना बैलबाजारात घोंगडीवर बसले होते, भोवती सात-आठ व्यापारी. मावशी सरळ त्यांच्यापुढे गेली, खाली बसली, लुगडं उलगडलं.

"नाना, ह्यो घ्या तुमचा. मी चोरला होता."

नानांनी टिचकी मारली. कानाशी धरला. मग डोळे मिटले.

"कवा चोरलास?"

"पाया खणला तवा. मी घमेली वाहायची."

"आनि ठेवला कुठं?"

"जिन्यात टांगला. पानी आलं का वाजवते. रोज."

"वाजवतेस? कशानं?"

मावशीने मान खाली घातली. "वरवंट्यानं."

चोवीस घरं माझ्या डोळ्यांपुढे एका रांगेत हलली. नानांनी खुंटा मांडीवर घेतला आणि त्याच्या डोक्यावरचे घाव अंगठ्याने चाचपले.

"तीस वर्सं," ते म्हणाले, "मला वाटलं, माजी लक्ष्मी मातीत गाडून पडलीय, मुकी. आनि ती रोज सकाळी चोवीस घरांना पानी देत होती?" त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. "वरवंट्यानं! अरे, माज्या बापानं ऐकलं असतं तर! वरवंट्यानं!" सगळे व्यापारी हसू लागले. मावशीला कळेना, हसावं की पाया पडावं. तिने दोन्ही एकदम केलं.

"ऊठ, बाये," नाना म्हणाले आणि जीभ चावली. "म्हंजे ऊठ नको. बस. बस हितंच. मी माल परत घेतला, आता सौदा कर. किती वर्सं पायजेत?"

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं. बैलबाजारात आकडा तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरायची, बघणाऱ्यांना फक्त चेहरे दिसतात. "एक बोट म्हंजे धा वर्सं," नानांनी मोठ्याने सांगितलं. "पन चेअरमन कुठाय? शेकेटरी तू ना? तू करतोस का?"

मी मागे सरलो. "मावशीच करील," मी म्हणालो. सेक्रेटरी म्हणून घेतलेला माझा तेवढा एकच शहाणा निर्णय.

मला चेहरे तेवढे दिसत होते. नानांचा आधी गंभीर, मग भुवया वर, मग "आँ?" मग ते हात सोडवायला बघू लागले आणि मावशी सोडेना. "बोटं मोडशील, बाये!" तिने पाची बोटं धरली होती, सोडली होती आणि परत पाची धरली होती. शंभर. एक व्यापारी ओरडला, "नाना, घाम आला का?" आणि खरंच आला होता, भर थंडीत. दोघं दोन बाजूंनी ओढतायत, उपरणं हलतंय, बैल माना वळवून बघतायत. शेवटी नानांनी हात वर काढला आणि ओरडले, "नव्याण्णव!"

"एक कुठं गेलं?" मी न राहवून विचारलं.

"ते माजं," नाना म्हणाले. "पुरी शंभर दिली तर मालक कोन रे?" त्यांनी खुंटा घोंगडीत गुंडाळला आणि मग मावशीकडे वळून बोट दाखवलं. "आनि ऐक. घेणाऱ्यानं आपला खुंटा आणायचा असतो. दुसऱ्याच्या खुंट्यावर बांधलेलं जनावर आपलं नसतं."

मावशी तडक लोहारांच्या रांगेत गेली. एक तास. प्रत्येक खुंटा उचलून बघितला, प्रत्येकाला टिचकी मारली, दोन लोहारांशी भांडली. शेवटी घेतला तो नानांच्या खुंट्याहून चार बोटं लांब होता. परतीच्या वाटेवर तोही माझ्या कमरेत शिरत होता, आणि त्याचं टोक जास्त धारदार होतं.

पुढच्या पंधरवड्यात शहापूरच्या निबंधक कार्यालयात नोंदणी झाली. नाना आले, साईनाथ नवी पँट घालून आले. सौदा हिने केला, तेव्हा सोसायटीच्या वतीने साक्षीदार म्हणून सही मावशीचीच, असं मी लावून धरलं. तिथे सगळं कॉम्प्युटरवर, अंगठा काचेवर ठेवायचा, फोटो काढायचा. फोटोत मावशीचे एवढे दात दिसले की ऑपरेटर म्हणाला, आजी, जरा कमी हसा, चेहरा जुळत नाहीये. तीन वेळा फोटो काढला. तिसराही हसराच आला. मग त्यानेच नाद सोडला.

खुंटा हलवून बळकट करावा म्हणून मी घरी आल्यावर तिला सगळा दस्त मोठ्याने वाचून दाखवला. मुदत जानेवारी एकवीसशे पंचवीसपर्यंत. तिने आधार कार्डावरून वय काढायला लावलं. एकशे पंचावन्न. "तवा पान्याची पाळी तुजी हां," ती म्हणाली.

घंटेच्या जागी आता स्टीलची परात टांगली आहे. तिचा आवाज खुंट्याच्या दुप्पट आहे आणि त्याला सूर म्हणून नाही. मी पुन्हा रोज पावणेसहाला दोन शिव्या देतो. माझी झोप उडते ती उडतेच, पण घरातली पिंपं भरलेली असतात.

नवा खुंटा मात्र तिने टांगला नाही. नोंदणीच्या दुसऱ्याच दिवशी, टळटळीत दुपारी, ती तो घेऊन इमारतीच्या मागे गेली. जिथे जेसीबीने खणून आम्ही परत माती लोटली होती तिथे नाही, त्याच्या पलीकडे, घट्ट जमिनीवर. साईनाथ म्हणाले, मी ठोकतो. नको म्हणाली. मी म्हणालो, घण जड आहे, मावशी. नको म्हणाली. आख्खी इमारत खाली उतरून बघत उभी, आणि ती एकटी घण घालतेय, घामाने निथळतेय, आणि प्रत्येक घावाला हसतेय. कडीपर्यंत खुंटा आत गेला. तरी थांबली नाही. कडीसुद्धा अर्धी मातीत गेली तेव्हा तिने घण टाकला.

मग ती खाली बसली आणि कडीत बोटं घालून एका हाताने ओढलं. नाही आला. दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून, सगळा जीव लावून ओढलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. खुंटा तसूभर हलला नाही. तिने माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी ती हसत नव्हती.

"नाय निघत," ती म्हणाली. "हरेश, इकडं ये. तू पन वढून बग ना. नाय निघत."